पाकिस्तानी तालिबान: न्यायाची जागा रिकामी राहिली, तिथे बंदूक बसली

समजा, १९९५ साल आहे आणि पेशावरच्या बाजारात तुमचं कापडाचं दुकान आहे. तुम्ही आफ्रिदी जमातीचे. एक दिवस सकाळी किल्ल्या घेऊन दुकानाशी जाता, तर दाराला सरकारी सील. का? तिकडे खैबरच्या डोंगरात तुमच्या पोटजमातीतल्या कुणीतरी रस्ता अडवून सरकारी गाडी लुटली. त्या माणसाचं तोंडही तुम्ही कधी पाहिलेलं नाही. पण कायदा म्हणतो, एकाचा गुन्हा तो सगळ्या जमातीचा गुन्हा. तो हाती लागेपर्यंत तुमचा माल जप्त राहील, वेळ पडली तर तुम्हालाही आत टाकतील, गावाकडचं घरसुद्धा पाडतील. कोर्टात दाद मागायची सोय नाही. तिकडचे लोक या कायद्याबद्दल म्हणायचे: ना वकील, ना दलील, ना अपील.

हा कायदा इंग्रजांनी १९०१ मध्ये केला. फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन हे त्याचं नाव. इंग्रज गेले, पाकिस्तान झाला, त्यांचा अणुबॉम्बही झाला, पण अफगाण सीमेला लागून असलेल्या सात 'एजन्सीं'मध्ये हा कायदा २०१८ पर्यंत लागू होता. खैबर, कुर्रम, ओरकझाई, मोहमंद, बाजौर, उत्तर वझिरिस्तान आणि दक्षिण वझिरिस्तान. सुमारे ५० लाख माणसं.

पाकिस्तानी तालिबानची गोष्ट सांगताना बहुतेक जण ११ सप्टेंबर २००१ पासून तरी सुरुवात करतात, नाहीतर जनरल झिया उल हक यांच्यापासून. दोन्ही ठिकाणं चुकीची नाहीत. पण त्या सील ठोकलेल्या दुकानापासून निघालं, तर पुढचा गुंता जास्त नीट सुटतो असं मला वाटतं.

आधी नावं वेगळी करू

'तालिब' म्हणजे विद्यार्थी, मदरशात शिकणारा. अफगाण तालिबान हे त्यातले मूळ. त्यांनी १९९६ मध्ये काबूल घेतलं, २००१ मध्ये अमेरिकेने त्यांना हुसकावलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ते परत आले. पाकिस्तानी तालिबान म्हणजे 'तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान', थोडक्यात टीटीपी. ही संघटना डिसेंबर २००७ मध्ये अनेक टोळ्या एकत्र येऊन झाली. तिने अफगाण तालिबानच्या प्रमुखाशी निष्ठेची शपथ घेतलेली आहे, पण तिचं युद्ध पाकिस्तानच्या सरकारशी आणि सैन्याशी आहे.

लष्कर-ए-तैयबा ही आणखी वेगळी संघटना. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे तिचे होते. आपल्याकडच्या बातम्यांत 'पाकिस्तानी दहशतवादी' या एका शब्दात हे सगळे एकत्र कोंबले जातात. मुंबईने जे सोसलं त्यानंतर कुणाला हा फरक करत बसावंसं वाटणार नाही, हे मी समजू शकते. तरीही फरक मोठा आहे. लष्कर-ए-तैयबाने पाकिस्तानच्या सत्तेवर कधी बंदूक रोखली नाही, टीटीपीने मात्र तिच्या सैन्याच्या मुख्यालयात घुसून गोळ्या झाडल्या. बलुचिस्तानात मार्च २०२५ मध्ये जाफर एक्स्प्रेस ताब्यात घेणारी बलुच लिबरेशन आर्मी तर धर्माच्या नव्हे, वांशिक राष्ट्रवादाच्या नावाने लढते. आणि इस्लामिक स्टेटची खोरासान शाखा तालिबानचीच वैरी आहे.

या सगळ्या गर्दीत पाकिस्तानच्या लष्करी नेतृत्वाने वर्षानुवर्षं एक निवड केली. काश्मीरमध्ये किंवा अफगाणिस्तानात उपयोगी पडतात ते चांगले, आपल्यावर उलटतात ते वाईट. 'गुड तालिबान, बॅड तालिबान' हे शब्द तिथल्या सामान्य माणसाच्या तोंडीसुद्धा आहेत, आणि तो ते चिडूनच उच्चारतो.

डोंगरातला कारभार

या सात एजन्सींमध्ये पोलीस ठाणं नव्हतं, दिवाणी न्यायालय नव्हतं. होता एक पॉलिटिकल एजंट. म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर, पोलीस प्रमुख आणि न्यायाधीश हे तिघे एकाच खुर्चीत बसवले तर जो तयार होईल तो. त्याच्या हाताखाली 'मलिक', म्हणजे जमातींचे प्रमुख. मलिकाला सरकारकडून भत्ता मिळायचा. त्या बदल्यात रस्ता सुरक्षित ठेवायचा आणि आपल्या माणसांना आवर घालायचा. सर्वांना मताचा अधिकार मिळाला तो १९९६ मध्ये. त्याआधी मतदान करायचे ते मलिकच. राजकीय पक्षांना तर २०११ पर्यंत तिथे उघडपणे काम करता येत नव्हतं. मशिदीतल्या मौलवीवर मात्र असं बंधन नव्हतं. त्यामुळे माणसं एका जागी जमवून सरकारविरुद्ध बोलायला मोकळी जागा उरली ती मशिदीचीच. पुढे काय झालं त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

गावातले तंटे सोडवायला जिरगा असे. वडीलधारी माणसं गोल करून बसायची, दोन्ही बाजू ऐकायची, निकाल द्यायची. गावात 'हुजरा' नावाची एक सामाईक जागा असते, आपल्या चावडीसारखी, पण पाहुण्यांच्या मुक्कामाचीही सोय असलेली. चहा, गप्पा, लग्नाची बोलणी, भांडणाचा निवाडा, सगळं तिथे. ही व्यवस्था आदर्श नव्हती. बायकांना तिच्यात आवाज नव्हता. खुनाच्या बदल्यात मुलगी देऊन टाकायची 'स्वारा' ही क्रूर रीतही जिरग्यांतूनच चालली. पण रोजच्या जगण्याचं भांडण मिटायला लोकांकडे तेवढीच एक जागा होती.

इथला पश्तून, म्हणजे पठाण, माणूस जन्मतःच बंदूकबाज, हा समज मला फार खटकतो. हीच माती खान अब्दुल गफारखान यांची. आपण त्यांना सरहद्द गांधी म्हणून ओळखतो. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात इंग्रजांच्या गोळ्यांसमोर निःशस्त्र उभे राहिले ते पश्तूनच होते. गढवाली पलटणीतल्या शिपायांनी त्या दिवशी त्यांच्यावर गोळी चालवायला नकार दिला होता. गफारखानांच्या वारशातून आलेल्या अवामी नॅशनल पार्टीचे शेकडो कार्यकर्ते पुढे टीटीपीने वेचून मारले. बशीर बिलौर यांना डिसेंबर २०१२ मध्ये, आणि त्यांचा मुलगा हारून यांना जुलै २०१८ मध्ये, निवडणुकीच्या प्रचारात.

बाहेरून आलेलं आणि आतून वाढलेलं

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. तीसेक लाख निर्वासित सीमा ओलांडून आले. अमेरिकेचा आणि सौदी अरबचा पैसा, पाकिस्तानच्या आयएसआयची यंत्रणा आणि मदरशांतली मुलं यांची सांगड घालून मुजाहिदीन उभे केले गेले. दहा वर्षं हा डोंगर म्हणजे युद्धाचं गोदाम होता. युद्ध संपलं तरी गोदामातला माल तिथेच राहिला.

२००१ च्या अखेरीस अफगाणिस्तानातल्या तोराबोराच्या डोंगरातून निसटलेले अल कायदाचे अरब, उझबेक आणि चेचेन लढवय्ये वझिरिस्तानात उतरले. पाहुण्याला आसरा देणं हा पश्तून रीतीचा भाग आहे. पण पाहुण्यांनी मोजलेले डॉलरही तितकेच खरे होते. अमेरिकेच्या दबावाखाली जनरल मुशर्रफ यांनी सैन्य आत पाठवलं. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच पाकिस्तानी फौज इतक्या संख्येने या भागात शिरत होती. मार्च २००४ मध्ये दक्षिण वझिरिस्तानातल्या वानाजवळ झालेल्या कारवाईत फौजेचे बरेच जवान पडले आणि सरकारने तडजोड केली.

ती तडजोड कशी झाली, ते थांबून पाहण्यासारखं आहे. एप्रिल २००४, शकाई नावाचं गाव. पेशावरचे कोअर कमांडर, म्हणजे वरच्या दर्जाचे जनरल, स्वतः हेलिकॉप्टरने तिथे आले. समोर नेक मोहम्मद, तिशीच्या आतबाहेरचा, लांब केसांचा तरुण. तो काही मलिक नव्हता, कुठल्या मोठ्या घराण्याचाही नव्हता. जनरलसाहेबांनी लोकांसमोर त्याच्याशी हस्तांदोलन केलं, गळ्यात हार पडले. जमातीच्या रीतीत कोण कोणाच्या दारी जातो याला फार अर्थ असतो. सरकार आपल्याकडे चालत आलं, हे नेक मोहम्मदने सगळ्यांना ऐकवलं. शंभर वर्षं सरकारने ज्या मलिकांमार्फत कारभार केला, ते बाजूला उभे राहून हे बघत होते.

करार काही आठवड्यांत मोडला. जूनमध्ये नेक मोहम्मद क्षेपणास्त्राने मारला गेला. पाकिस्तानच्या भूमीवरचा तो अमेरिकेचा पहिला ड्रोन हल्ला. पण त्या दिवसाचा धडा सगळ्या डोंगराने गिरवला: प्रतिष्ठा हवी असेल तर वडीलकी नको, बंदूक हवी. फेब्रुवारी २००५ मध्ये सराराघा इथे बैतुल्ला मेहसूद या दुसऱ्या बंदूकवाल्या म्होरक्याशी असाच करार झाला, सप्टेंबर २००६ मध्ये उत्तर वझिरिस्तानात आणखी एक. दर करारानंतर सैन्य बराकीत गेलं आणि बंदूकवाले रस्त्यावर आले.

मग मलिकांचे खून सुरू झाले. आधी एक चिठ्ठी यायची, सरकारची हेरगिरी सोडा म्हणून. मग रस्त्याच्या कडेला प्रेत सापडायचं. शेकडो मलिक आणि वडीलधारे असे गेले. ज्यांनी एकत्र बसून काही ठरवायचा प्रयत्न केला, त्यांच्या बैठकीतच बॉम्ब फुटले. मार्च २००८ मध्ये दर्रा आदम खेलच्या जिरग्यात चाळीसच्या वर माणसं गेली. ऑक्टोबर २००८ मध्ये ओरकझाईत तालिबानविरुद्ध गावकऱ्यांची फळी उभारायला मोठा जिरगा जमला होता. तिथे स्फोटकांनी भरलेली गाडी घातली गेली आणि शंभराच्या आसपास लोक मेले. वरवर हे आंधळे हल्ले वाटतात, पण निवाडा करणारी माणसं आणि निवाड्याची जागा नेमकी हेरून संपवली जात होती. गोल करून बसलेली म्हातारी माणसं गेली, की भांडण घेऊन जायचं कुणाकडे? उत्तर तयार होतं. तालिबानच्या 'काझी'कडे.

जुलै २००७ मध्ये सशस्त्र कट्टरपंथीयांनी ठाण मांडलेल्या इस्लामाबादच्या लाल मशिदीवर सैन्याने कारवाई केली, त्यात शंभरावर माणसं गेली. आजवर विखुरलेल्या टोळ्यांना त्या रक्ताने एक केलं. डिसेंबरमध्ये बैतुल्ला मेहसूदच्या नेतृत्वाखाली टीटीपी उभी राहिली आणि २७ डिसेंबरला रावळपिंडीत बेनझीर भुत्तो मारल्या गेल्या. सरकारने बैतुल्लाकडे बोट दाखवलं, त्याने ते नाकारलं.

स्वातचा रेडिओ

स्वात हे वझिरिस्तान नव्हे, त्या सात एजन्सींतही ते येत नाही. हिरवंगार खोरं, सफरचंदं आणि पीच, बर्फावर घसरायला मालम जब्बाचं रिसॉर्ट, गावोगावी मुलींच्या शाळा. १९६९ पर्यंत हे संस्थान होतं. तिथला राजा, 'वाली', शाळा आणि दवाखाने बांधणारा म्हणून ओळखला जाई. जुनी माणसं अजून सांगतात, वालीच्या काळात जमिनीचा खटला काही दिवसांत निकाली निघायचा. संस्थान विलीन झालं आणि पाकिस्तानी न्यायालयं आली. मग तेच खटले पंधरा-वीस वर्षं रखडू लागले. वकिलाची फी, तारखेवर तारीख. आपल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच रागावर सूफी मोहम्मद नावाच्या मौलवीने १९९० च्या दशकात चळवळ उभी केली: शरियतचा कायदा द्या. त्या मागणीत धर्म होता, तसा झटपट न्यायाचा हव्यासही होता. त्यांचा जावई फजलुल्ला. स्वात नदीवर माणसं पलीकडे नेणारा दोरावरचा पाळणा चालवायचं काम त्याने एके काळी केलं होतं. त्याने एक बेकायदा एफएम रेडिओ सुरू केला. लोक त्याला 'मुल्ला रेडिओ' म्हणू लागले.

सुरुवातीचा रेडिओ गोड होता. कुराण शिकवायचा, वाईट सवयी सोडा म्हणायचा. खोऱ्यातले कितीतरी पुरुष आखातात मजुरीला गेलेले. घरात राहिलेल्या बायका संध्याकाळी चुलीशी बसून हा आवाज ऐकायच्या. त्यांच्याशी थेट बोलणारा, त्यांना उद्देशून बोलणारा असा आवाज त्यांना आजवर कधी भेटला नव्हता. इमामढेरीला त्याचं केंद्र बांधायला त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले. कुणी शाळा सोडली की रेडिओवर त्या मुलीचं नाव घेऊन अभिनंदन व्हायचं. काही महिन्यांत त्याच रेडिओवर दुसऱ्या याद्या वाचल्या जाऊ लागल्या: अमुक खानाने, म्हणजे जमीनदाराने, शरण यावं, तमुक पोलिसाने नोकरी सोडावी. मग घरोघर लोक रेडिओ ऐकत ते आपलं नाव तर नाही ना, या भीतीने.

गरिबांचा पाठिंबा त्याला कसा मिळाला, हेही सांगायला हवं. स्वातमध्ये बागा आणि जमिनी मोठ्या खानांच्या, कसणारे भूमिहीन. फजलुल्लाच्या तालिबानने खानांना पळवून लावलं आणि उत्पन्नातला वाटा कुळांना दिला. अडलेले तंटे आठवड्यात सोडवले. लोकांच्या हाती खरोखर काही तरी पडलं होतं. त्याची किंमत नंतर कळली. मिंगोराच्या ग्रीन चौकात रोज सकाळी प्रेतं टाकलेली दिसू लागली, लोक त्या चौकाला 'खुनी चौक' म्हणू लागले. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या एका तरुणीला तिथेच मारून टाकलं. जहानाबादच्या कड्यावर कोरलेल्या, हजाराहून अधिक वर्षं शांत बसलेल्या बुद्धाच्या चेहऱ्यात सुरुंग लावले. १५ जानेवारी २००९ पासून मुलींनी शाळेत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम रेडिओवरून निघाला. शेकडो शाळा उडवल्या गेल्या. मलाला युसुफझाई बीबीसी उर्दूसाठी 'गुल मकई' या टोपणनावाने रोजनिशी लिहीत होती ती याच दिवसांत. वय अकरा. तिच्यावर गोळी झाडली गेली ती पुढे, ९ ऑक्टोबर २०१२ ला.

सरकारने पुन्हा करार केला. एप्रिल २००९ मध्ये शरियत न्यायालयांचा कायदा मंजूर झाला. मागणी पूर्ण झाली होती. मग बंदुका खाली ठेवल्या गेल्या का? नाही. तालिबान लगेच शेजारच्या बुनेरमध्ये घुसले. एका मुलीला जमिनीवर पालथं पाडून फटके मारतानाचं चित्रीकरण देशभर टीव्हीवर दिसलं आणि पहिल्यांदाच पंजाब आणि कराचीच्या मध्यमवर्गाला हे आपलं दुखणं वाटलं. मे महिन्यात सैन्याने स्वात परत घेतलं. त्यासाठी २० लाखांवर माणसांना घरं सोडावी लागली. त्यांतली फार थोडी छावण्यांत राहिली. बहुतेकांना मर्दान आणि स्वाबीच्या अनोळखी लोकांनी आपल्या हुजऱ्यात, शाळेत, अंगणात जागा दिली. पश्तून आतिथ्य खरं कसं असतं ते या वेळी दिसलं.

शाळा, लस आणि वतन कार्ड

टीटीपीच्या हल्ल्यांची यादी इथे देत नाही, ती फार लांब आहे. बाजार, चर्च, सूफी दर्गे, न्यायालयं, कराचीचा विमानतळ. पश्तो भाषेचे लाडके संतकवी रहमान बाबा यांची पेशावरची कबरसुद्धा मार्च २००९ मध्ये उडवून देण्यात आली. बायका तिथे दर्शनाला येतात, हा गुन्हा. पाकिस्तानी नेते या सगळ्या वर्षांतल्या बळींचा आकडा ८०,००० सांगतात. त्यात नागरिक, जवान आणि बंडखोर सगळे आले.

एक तारीख मात्र टाळता येत नाही. १६ डिसेंबर २०१४, पेशावरची आर्मी पब्लिक स्कूल. सहा महिने आधी सैन्याने उत्तर वझिरिस्तानात 'जर्ब-ए-अज्ब' ही मोठी मोहीम काढली होती. तिचा सूड म्हणून टीटीपीचे बंदूकधारी शाळेच्या सभागृहात शिरले. दीडशेच्या आसपास जीव गेले, त्यांत १३० हून अधिक शाळकरी मुलं. बाकांखाली लपलेल्या मुलांना ओढून काढून मारलं होतं. त्यानंतर सगळे पक्ष एकत्र आले, फाशीवरची स्थगिती उठली, लष्करी न्यायालयं आली, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत हल्ले खरंच खूप कमी झाले. टीटीपीचे लोक सीमेपलीकडे कुनार, पक्तिकात सरकले.

पोलिओची गोष्टही याच युद्धाची आहे. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने अबोटाबादमध्ये एका डॉक्टरमार्फत लसीकरणाची खोटी मोहीम चालवली. ती लस हिपॅटायटिसची होती, पण गावात एवढा फरक कोण करतो? 'लस देणारे हेर असतात' ही तालिबानची अफवा एका रात्रीत खरी ठरली. जून २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानात पोलिओच्या थेंबांवर बंदी आली, डिसेंबरपासून लस पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घालणं सुरू झालं. २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०० हून अधिक रुग्ण सापडले. आजही मोहिमेच्या दिवशी थंडपेटी खांद्याला अडकवलेल्या बाईच्या मागे एक पोलीस चालत असतो, आणि कितीतरी मोहिमांत असे पोलीस मारले गेले आहेत. ज्यांनी ती खोटी मोहीम आखली, त्यांनी या बायकांचा क्षणभरही विचार केला नव्हता. याचा मला अजून राग येतो.

आणि ज्यांच्यासाठी २०१४ ची ती लष्करी मोहीम काढली म्हणायचं, त्या वझिरिस्तानच्या लोकांचं काय झालं? दहा लाखांच्या आसपास माणसं बन्नूकडे निघाली. वर्षांनी परतली तेव्हा मीरानशाहचा बाजार भुईसपाट, शेतात सुरुंग, आणि स्वतःच्या गावात शिरायला हातात 'वतन कार्ड'. चौकीवर ते दाखवल्याशिवाय पुढे सोडत नसत. जानेवारी २०१८ मध्ये कराची पोलिसांनी नकीबुल्ला मेहसूद या वझिरिस्तानी तरुणाला दहशतवादी ठरवून चकमकीत मारलं. नंतर कोर्टानेच ती चकमक खोटी ठरवली. त्यातून मंजूर पश्तीन यांची पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट उभी राहिली. मागण्या साध्या होत्या: सुरुंग काढा, बेपत्ता माणसांना कोर्टासमोर उभं करा, चौक्यांवरचा अपमान थांबवा. हातात शस्त्र नसलेल्या या चळवळीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने बंदी घातली.

विलीनीकरण कुणाला नको आहे

मे २०१८ मध्ये २५ वी घटनादुरुस्ती झाली. सात एजन्सी खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाल्या, १९०१ चा तो कायदा इतिहासजमा झाला. कागदावर हे फार मोठं पाऊल होतं. पोलीस ठाणी येणार, न्यायालयं येणार, दहा वर्षं दरवर्षी १०० अब्ज रुपये विकासाला मिळणार. प्रत्यक्षात पैसा त्याच्या जवळपासही पोचला नाही. न्यायालयंसुद्धा सुरुवातीला शेजारच्या जिल्ह्यांत बसली. दक्षिण वझिरिस्तानचा माणूस खटल्यासाठी टांकला जायचा. जुनी व्यवस्था गेली होती, नवी पोचली नव्हती.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानकडे गेलं. इस्लामाबादमध्ये अनेकांना तो आपला विजय वाटला. तुरुंग उघडले आणि टीटीपीचे जुने कमांडर बाहेर आले. अमेरिकन फौजेने मागे टाकलेली रात्री दिसणारी दुर्बीण बसवलेली शस्त्रं त्यांच्या हाती दिसू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात अफगाणिस्तानातल्या टीटीपीच्या लढवय्यांची संख्या ६,००० ते ६,५०० दिली आहे.

अफगाण तालिबानचे नेते सिराजुद्दीन हक्कानी यांच्या मध्यस्थीने पाकिस्तानने पुन्हा वाटाघाटी केल्या. टीटीपीची सगळ्यात ठाम मागणी कोणती होती? शरियत नव्हे. सात एजन्सींचं विलीनीकरण रद्द करा, ही. मला वाटतं या संपूर्ण विषयात याहून बोलकी गोष्ट नाही. जिथे ठाणेदार आणि न्यायाधीश येऊन बसतो, तिथे काझीची बंदूक आणि तिची खंडणी चालत नाही. सीमेवरचा तो मोकळा, बिनकोर्टाचा पट्टा त्यांना परत हवा होता. बोलणी फिसकटली आणि २८ नोव्हेंबर २०२२ ला शस्त्रसंधी संपली. दोन महिन्यांनी, ३० जानेवारी २०२३ ला, पेशावरच्या पोलीस लाइन्समधल्या मशिदीत दुपारच्या नमाजाच्या वेळी स्फोट होऊन ८० हून अधिक माणसं गेली, बहुतेक पोलीस.

नूर वली मेहसूद २०१८ पासून टीटीपीचा प्रमुख आहे. त्याने डावपेच बदलले. बाजारात बॉम्ब फोडले की लोक उलटतात, हे ओळखून त्याने नेम पोलीस आणि सैनिकांवर धरल्याचं जाहीर केलं. लक्की मरवत, बन्नू, डेरा इस्माईल खान या भागांत संध्याकाळी रस्त्यावर तालिबानची नाकी लागू लागली. ट्रकवाले, ठेकेदार, दुकानदार यांना अफगाणिस्तानच्या नंबरवरून खंडणीचे फोन येतात.

पाकिस्तान याचा सगळा दोष काबूलवर टाकतो. काबूल म्हणतं, तुमचं दुखणं तुमच्या घरातलं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. टीटीपीला तिकडे आसरा आहे यात शंका नाही. ज्यांनी आपली शपथ घेतली, अमेरिकेविरुद्ध साथ दिली, त्यांना अफगाण तालिबान कसे हाकलणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रकरण थेट दोन देशांच्या लढाईवर गेलं. काबूलमध्ये स्फोट झाले, सीमेवर तोफा चालल्या, १९ ऑक्टोबरला दोह्यात कतार आणि तुर्कस्तानने युद्धबंदी घडवली. सीमेवरचं तोरखमचं फाटक बंद झालं, फळं-भाजीचे ट्रक सडत उभे राहिले आणि पाकिस्तानात टोमॅटो किलोला ६०० रुपयांच्या घरात गेला.

या सगळ्यात सीमेच्या अलीकडचे लोक काय म्हणतात, ते फार थोड्या बातम्यांत येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला स्वातमध्ये शाळेच्या गाडीवर गोळीबार झाला. गाडी चालवणारा जागीच गेला, मुलं जखमी झाली. घरच्यांनी प्रेत रस्त्यावर ठेवलं आणि दफन करायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी मिंगोराच्या निशात चौकात हजारो माणसं जमली, शिक्षक, वकील, दुकानं बंद करून आलेले व्यापारी. ही तीच माणसं होती, जी तेरा वर्षांपूर्वी रेडिओवर आपलं नाव येतं का म्हणून श्वास रोखून ऐकत होती. जुलै २०२४ मध्ये बन्नूत लोक पांढरे झेंडे घेऊन निघाले, त्यांच्यावरही गोळी चालली. तरी त्यांनी आपल्या मागण्या मांडल्या: आम्हाला तालिबान नकोत, आणखी एक लष्करी मोहीमही नको. चांगले-वाईट असा भेद न करता त्यांचे अड्डे बंद करा आणि आमच्या पोलिसांना अधिकार द्या.

दोन महिन्यांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, लक्की मरवतमध्ये पोलीसच रस्त्यावर बसले. साथीदार एकामागून एक मारले जात होते. गणवेशातल्या त्या शिपायांनी इंडस हायवे अडवला आणि मागणी केली, की सैन्याने जिल्ह्यातून निघून जावं आणि आम्हाला आमचं काम करू द्यावं. चार दिवस ते तिथे बसून होते. सतरंज्या टाकून, बंदुका बाजूला ठेवून. आजूबाजूच्या जमातींतले वडीलधारे येऊन त्यांच्याशेजारी बसले.